खोगिराचा पट्टा

1910 सालचा मार्च महिना. टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोच्या लष्करी छावणीत बेंजामिन फुलॉइस हा अमेरिकी लेफ्टनंट विमान चालवायला शिकत होता. थोडंफार उडायला तो आधी शिकून आला होता. पुढचं शिक्षण पत्रांतून चालायचं. काही चुकलं की राइट बंधूंना लिहायचं आणि उत्तर आलं की तशी दुरुस्ती करायची. विमान म्हणजे लाकडी सांगाडा, त्यावर ताणलेलं कापड आणि खालच्या पंखाच्या कडेला उघडी बैठक. एकदा तो त्या बैठकीवरून फेकला जाता जाता वाचला. मग त्याने घोडदळाची खोगिरं बनवणाऱ्यांकडून चामड्याचा एक पट्टा घेतला आणि स्वतःला बैठकीशी बांधून घेतलं.

मोटारीत बसल्यावर आपण खांद्यावरून ओढून घेतो, किंवा ओढून घेत नाही, त्या पट्ट्याचा माग काढत गेलं की तो असा विमानात पोचतो. सीटबेल्ट रस्त्यावर जन्मलेला नाही. तो आकाशातून खाली आला आणि यायला त्याला जवळपास पन्नास वर्षं लागली. विमानात बसताना छातीत धडधडतं आणि गाडीत बसलं की निवांत वाटतं, असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला हा प्रवास ठाऊक असावा असं मला वाटतं.

सुरुवातीला वैमानिकांनाही पट्टा नको होता. विमान उलटलं, पेटलं, तर बांधलेला माणूस आतच अडकून मरेल ही त्यांची भीती. (आज आपल्याकडे पट्टा न लावणारे हेच कारण देतात.) 1 जुलै 1912 रोजी बॉस्टनजवळ हॅरिएट क्विम्बी ही नावाजलेली वैमानिक एका प्रवाशाला घेऊन उडत होती. विमानाला अचानक हिसका बसला आणि प्रवासी व ती, एकामागोमाग एक, दोघंही बाहेर फेकले गेले. दोघांनीही पट्टा लावलेला नव्हता. त्यांच्यामागून विमान खाडीच्या चिखलात पडलं आणि त्याचं नुकसान मानाने कमी झालं. विमान शाबूत आणि माणसं गेलेली, असं हे दृश्य होतं. पुढच्याच वर्षी फ्रान्सच्या अदोल्फ पेगूने स्वतःला घट्ट बांधून विमान उलटं करून दाखवलं. त्यानंतर पट्ट्याबद्दलची कुरकुर हळूहळू ओसरली.

मात्र पट्ट्याकडे विचारपूर्वक पाहणारा पहिला माणूस पट्ट्यामुळेच जायबंदी झालेला होता. ह्यू डीहेवन 1917 मध्ये टेक्सासमध्ये लढाऊ वैमानिक होण्याचं शिक्षण घेत होता. सराव चालू असताना त्याचं विमान दुसऱ्या विमानाला धडकून कोसळलं. दुसऱ्या विमानातले वाचले नाहीत, डीहेवन वाचला. त्याचं यकृत आणि स्वादुपिंड फाटलं होतं. इस्पितळात पडल्या पडल्या त्याच्या लक्षात आलं की ही इजा जमिनीने केलेली नाही, पोटावरच्या पट्ट्याच्या टोकदार बक्कलाने केली आहे. डॉक्टर आणि अधिकारी त्याला नशीबवान म्हणत होते. नशिबाचं हे उत्तर त्याला पटलं नाही.

विमान का पडलं हा एक प्रश्न. पडलेल्या विमानात माणूस नेमका कशाने मेला हा दुसरा, आणि तोवर तो फारसा कुणी विचारला नव्हता. डीहेवनने तो आयुष्यभर धरून ठेवला. रबराच्या थरांवर उंचावरून अंडी टाकून तो पाहत असे की किती जाडीच्या थरावर किती उंचीवरून अंडं फुटत नाही. पन्नास ते दीडशे फुटांवरून पडूनही जिवंत राहिलेल्या माणसांची प्रकरणं त्याने शोधून काढली आणि 1942 मध्ये त्यांच्यावर निबंध लिहिला. ती माणसं बागेच्या भुसभुशीत मातीवर किंवा दबणाऱ्या पत्र्यावर पडली होती. म्हणजे माणसाचं शरीर आपण समजतो त्याहून बरंच काही सोसतं. धक्का अंगभर पसरला आणि थांबायला थोडी जागा मिळाली, तर माणूस वाचतो. त्याच साली न्यूयॉर्कच्या कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयात अपघातातल्या इजांचा अभ्यास करणारा विभाग त्याने सुरू केला. तिथे मोडलेल्या विमानांमधले हँडल, खुंट्या, कडा आणि मेलेल्यांच्या अंगावरच्या जखमा यांची जोडी लावली जाऊ लागली. पन्नाशीच्या दशकात हीच पद्धत मोटारींना लावण्यात आली. इंडियाना राज्याच्या पोलिसांच्या नोंदी हाताशी होत्या. त्यांतून दिसलं की मोटार अपघातातली पुष्कळ माणसं गाडीच्या बाहेर किंवा गाडीच्या आतच कशावर तरी आपटून मरतात.

दुसरा धागा आणला जॉन स्टॅप या हवाई दलाच्या डॉक्टरने. रुळांवरून रॉकेटने ढकलल्या जाणाऱ्या घसरगाडीवर तो स्वतःला बांधून घेत असे. 10 डिसेंबर 1954 रोजी न्यू मेक्सिकोत ती गाडी ताशी हजार किलोमीटरच्या वर गेली आणि दीड सेकंदाच्या आत थांबली. त्याच्या शरीराने गुरुत्वाकर्षणाच्या 46 पट ओढ सहन केली. डोळ्यांत रक्त उतरलं, काही काळ दिसेनासं झालं, पण तो बचावला आणि पुढे 1999 पर्यंत जगला. पट्टे नीट असतील तर माणूस काय सोसू शकतो, हे त्याने आपल्या शरीरावर सिद्ध केलं. मग आकडे चाळताना त्याला दिसलं की हवाई दलाची जवळपास तितकीच माणसं घरी जाता-येता मोटार अपघातांत मरत आहेत, जितकी विमानं कोसळून मरतात. 1955 मध्ये त्याने मोटारी धडकवून पाहण्याची परिषद भरवली. वरिष्ठांना प्रश्न पडला की हवाई दलाच्या डॉक्टरला मोटारींशी काय करायचंय. तो मागे हटला नाही. 1966 मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी मोटार सुरक्षेच्या कायद्यावर सही केली तेव्हा स्टॅप तिथे हजर होता.

कारखान्यांनी पट्टा देऊन पाहिला नव्हता असं नाही. नॅश कंपनीने चाळिशीच्या दशकाच्या अखेरीस ‘एअरफ्लाइट’ नावाच्या गाडीत कमरेचे पट्टे दिले. पुष्कळ गिऱ्हाइकांनी ते काढून टाकायला लावले.

आज जगभर दिसतो तो तीन टोकांचा पट्टा 1959 मध्ये स्वीडनमध्ये निल्स बोहलिनने तयार केला. साब कंपनीत तो लढाऊ विमानांतून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या खुर्च्या बनवत असे. तिथून त्याला व्होल्वोने आणलं. त्याच्या पट्ट्यातली मेख साधी आहे. एक पट्टी छातीवरून तिरकी, एक कमरेवरून आडवी, आणि दोन्ही जिथे एकत्र येतात ते टोक बसणाऱ्याच्या कुशीशी, खाली. त्यामुळे ओढ बरगड्यांच्या पिंजऱ्यावर आणि ओटीच्या हाडावर येते, मऊ पोटावर येत नाही. डीहेवनच्या पोटात बक्कल घुसलं होतं, त्याला मिळालेलं हे उत्तर. शिवाय पट्टा एका हाताने लावता आला पाहिजे, अशी बोहलिनची अट होती. व्होल्वोने ही रचना सगळ्यांना वापरायला मोकळी ठेवली. पुढे बोहलिनने एक निरीक्षण सांगितलं होतं, ते मला या सगळ्या गोष्टीत सर्वांत महत्त्वाचं वाटतं. जिवाच्या सुरक्षेसाठी वैमानिक अंगावर काहीही चढवायला तयार असत. मोटारीतल्या माणसांना मात्र मिनिटभरही अडचण सोसायची नसे.

हे असं का? 1969 मध्ये चॉन्सी स्टार या अमेरिकी अभियंत्याने मांडलं की स्वखुशीने पत्करलेला धोका माणसं लादलेल्या धोक्याच्या सुमारे हजारपट सहन करतात. स्टिअरिंग आपल्या हातात असलं की धोका ओळखीचा वाटतो. विमानात आपल्या हाती काहीच नसतं. या भावनेची किंमत मोजलेली आहे. 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यानंतर बरेच अमेरिकी लोक विमान टाळून मोटारीने जाऊ लागले. जर्मन मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगरेंझर यांच्या हिशेबाने त्यानंतरच्या वर्षभरात त्यामुळे सुमारे दीड हजार माणसं रस्त्यावर जास्तीची मेली.

अहमदाबादच्या अपघातानंतर विमानाची धास्ती घेतलेल्यांना मी दोष देणार नाही. 12 जून 2025 रोजी विमानातल्या 242 पैकी एकच जण वाचला आणि जमिनीवरचीही माणसं गेली. ते पाहून पोटात गोळा येणं साहजिक आहे. अशा आघातात कुठलाही पट्टा फारसा कामाचा नसतो, हेही खरं. पण 2023 साल घ्या. जगभरच्या प्रवासी विमान कंपन्यांच्या अपघातांत, आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेच्या नोंदीप्रमाणे, 72 माणसं दगावली. ती सगळी नेपाळमधल्या पोखऱ्याच्या एकाच अपघातातली होती. त्याच वर्षी एकट्या भारताच्या रस्त्यांवर 1 लाख 72 हजारांहून जास्त माणसं मेली, म्हणजे दिवसाला सरासरी 470.

एवढी तफावत यंत्रामुळे पडलेली नाही. डीहेवनचा प्रश्न विमानाच्या जगाने सोडला नाही, हे तिचं मोठं कारण आहे. विमान अपघातांच्या चौकशीचे आंतरराष्ट्रीय नियम 1951 मध्ये आले, आणि चौकशीचा हेतू दोष ठरवणं हा नाही, पुढचा अपघात टाळणं हा आहे, असं त्यांत मानलं गेलं. 8 जानेवारी 1989 रोजी इंग्लंडमध्ये केगवर्थ गावाजवळ एक बोइंग विमान धावपट्टीच्या अलीकडे, थेट एम-वन महामार्गाच्या भरावावर आदळलं. 126 पैकी 47 जण गेले. डॉक्टर आणि अभियंत्यांनी वाचलेल्यांच्या आणि मेलेल्यांच्या जखमा एकेक करून तपासल्या. कुणाचे पाय कुठे मोडले, डोकं कशावर आपटलं, पट्टा कुठे काचला, हे सारं पाहिलं. त्यातून आदळताना कसं वाकून बसायचं याची पद्धत सुधारली. समोरच्या खिशातल्या कार्डावर वाकून बसलेल्या माणसाचं चित्र असतं. त्यामागे अशी तपासणी आहे.

पट्टा लावल्याचं मोल वरही दिसतंच. 1 मे 2022 रोजी मुंबईहून दुर्गापूरला निघालेलं विमान उतरता उतरता हवेच्या जोरदार हेलकाव्यांत सापडलं, पुष्कळ प्रवासी जखमी झाले आणि एकाचा पुढे मृत्यू झाला. खुणेचा दिवा विझला तरी पट्टा बांधून ठेवा, असं हवाई सुंदरी सांगते ते अशा प्रसंगांमुळे.

आता खाली, आपल्या रस्त्यावर. भारतात नव्या गाड्यांना पुढच्या सीटवर पट्टे 1994 पासून आणि मागच्या सीटवर 2002 पासून सक्तीचे झाले. 2019 च्या दुरुस्तीनंतर दंड हजार रुपयांवर गेला. तरी आपला पट्टा अजून मामांसाठी आहे. चौकात पांढरा शर्ट दिसला की खांद्यावर येतो, चौक ओलांडला की सुटतो. मागच्या सीटवर तर तो सापडतच नाही. भाड्याच्या गाडीत मागे बसून बघा. सीटकव्हर बक्कलावरून ओढून घट्ट शिवलेलं असतं. बोटं फटीत घालून चाचपावं लागतं. बक्कल हाताला लागलंच तर त्याची खाच धुळीने बुजलेली असते, आणि ड्रायव्हर आरशातून बघत म्हणतो, “मागं काय गरज नाय साहेब.” पट्टा न लावता गाडीची पिपाणी बंद ठेवण्यासाठी खाचेत घालायची नुसती लोखंडी जीभ बाजारात मिळते. 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन विक्रेत्यांना असे क्लिप काढून टाकायला लावले, तेव्हा 13 हजारांवर जाहिराती उतरवाव्या लागल्या. विमानात पट्टा नाकारला तर विमान हलतच नाही, आणि इथे पट्टा न लावण्याचं साधन विकत मिळतं. मला याचा संताप येतो. कारण 2022 मध्ये पट्टा न लावलेली 16 हजारांवर माणसं देशात मेली आणि त्यांतली निम्मी चालक नव्हती, प्रवासी होती.

त्याच वर्षी 4 सप्टेंबरला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर गाडी आदळून उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. मागे बसलेले ते आणि आणखी एक, दोघंही दगावले, पुढचे दोघं वाचले. मागच्यांनी पट्टा लावला नव्हता असं पोलिसांनी सांगितलं. त्यानंतर 1 नोव्हेंबरपासून मुंबई पोलिसांनी मागच्या सीटवरही पट्टा सक्तीचा केला. पण त्या पुलाची तपासणी करणाऱ्यांनी दुसरीही गोष्ट नोंदवली होती. पुलाचा कठडा रस्त्याच्या कडेच्या मार्गिकेत पुढे आलेला होता. ही नोंद झाली, कारण गेलेला माणूस मोठा होता. एरवी आपल्याकडे पंचनामा होतो, हलगर्जीपणाचं कलम लागतं, गाडी ठाण्याच्या आवारात गंजत पडते आणि कठडा तसाच राहतो. पट्टा आकाशातून उतरवून घेतला, त्याच्यासोबतची चौकशी मात्र वरच राहिली.

आणि पट्टा सगळ्यांना पुरतही नाही. 2022 च्या रस्तेबळींत सुमारे 44 टक्के दुचाकीवरचे होते, जवळपास पाचवा हिस्सा पायी चालणारे. त्यांना बांधून ठेवायला काहीच नाही. त्यांच्यासाठी कठडा, दुभाजक, रस्ता ओलांडायची जागा आणि गाड्यांचा वेग याच गोष्टी पट्ट्याचं काम करणार, आणि त्या दुरुस्त व्हायच्या तर चौकशी लागते.

आपल्याकडे ती निदान एका ठिकाणी झाली आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर 2016 मध्ये 151 माणसं मेली. त्या वर्षी सेव्हलाइफ फाउंडेशन, राज्य रस्ते विकास महामंडळ आणि महामार्ग पोलिसांनी मिळून तिथल्या अपघातांचा एकेक करून अभ्यास सुरू केला. गाडी कुठे आदळली, कशावर आदळली, आतल्याला काय लागलं, पट्टा होता का, हे विचारलं गेलं. आदळल्यावर जीव घेतील अशा कडेच्या वस्तू हटवल्या किंवा झाकल्या, कठडे सुधारले, कडेला उभ्या राहणाऱ्या ट्रकांवर लक्ष ठेवलं. पुढच्या काही वर्षांत तिथले मृत्यू निम्म्याहून जास्त घटले. रस्ता तोच, घाट तोच, गाड्या तर वाढलेल्या. हेच काम आता चारोटीच्या महामार्गावर, समृद्धीवर, मुंबई-गोवा महामार्गावर आणि जिल्ह्याजिल्ह्यांतल्या राज्यमार्गांवर व्हायला हवं, आणि ते मेलेला माणूस कोण होता हे न बघता व्हायला हवं.