सुईनंतरचे पथ्य



आज ज्या रोगाविषयी बोलायचे आहे, त्याचे नाव चारचौघांत कोणी घेत नाही. खेड्यात त्याला गरमी म्हणतात, पुस्तकात उपदंश आणि दवाखान्यात सिफिलिस. परमा, म्हणजे गनोरिया, हा त्याच्याच जातीचा दुसरा रोग. दोन्ही स्त्रीपुरुषसंबंधांतून पसरतात आणि दोन्हींवर औषध आहे. मग बोलायचे काय उरले? उरले ते औषधानंतरचे.

समजा, निफाड-दिंडोरीकडचा एक गडी माल घेऊन नाशिकला आला. आडतीचे काम उरकून तो गुपचूप दवाखान्यात गेला, सुई टोचून घेतली आणि गावी परतला. थोड्याच दिवसांत जखम भरली. गडी मनाशी म्हणाला, "सुटलो बुवा!" तो खरेच सुटला का? याचे उत्तर पाहायला थोडे मागे, चारपाचशे वर्षांपूर्वीच्या काळात गेले पाहिजे.

1498 साली पोर्तुगीज दर्यावर्दी मलबारच्या किनाऱ्याला लागले. त्यानंतर हा रोग आपल्याकडे दिसू लागला. सोळाव्या शतकात भावमिश्र नावाच्या वैद्याने 'भावप्रकाश' हा ग्रंथ लिहिला. त्यात त्याने या रोगाला नावच 'फिरंग' दिले, म्हणजे फिरंग्यांच्या संगतीने आलेला. त्यावर त्याने चोपचिनी सांगितली आणि रसकापूर, म्हणजे पाऱ्याचे औषध सांगितले. रसकापराची मात्रा गव्हाच्या कणकेत गुंडाळून, दातांना न लागू देता गिळायची. पण भावमिश्र तेवढ्यावर थांबला नाही. भाजीपाला, आंबट व मीठ सोडावे, श्रम करू नयेत, उन्हात हिंडू नये, वाट चालू नये आणि विशेषेकरून स्त्रीसंग टाळावा, असे पथ्य त्याने घातले. पारा हे जालीम औषध. तोंड येई, दात हलत, लाळ गळे. त्याने रोग मुळापासून जाईच असेही नाही. पण एक गोष्ट त्या वैद्यांना पक्की ठाऊक होती, की औषध पोटात गेले म्हणून रोगी मोकळा झाला नाही.

पुढे इंग्रजी अंमल आला. आपल्या नाशिकजवळची देवळाली ही गोऱ्या पलटणींची मोठी छावणी. विलायतेहून आलेले आणि विलायतेला परत जाणारे शिपाई तेथे मुक्कामाला असत. हा रोग पलटणींत इतका माजला होता, की सरकारने 1864 साली छावण्यांसाठी आणि 1868 साली शहरांसाठी कायदे केले. त्यांप्रमाणे वेश्यांची नावे नोंदवीत, त्यांची सक्तीने तपासणी करीत आणि रोग आढळला तर त्यांना 'लॉक हॉस्पिटल' नावाच्या दवाखान्यात अडकवून ठेवीत. जाच बाईला, आणि तिच्याकडे जाणारा पुरुष मोकळा! रोग काही हटला नाही. बायका तपासणीच चुकवू लागल्या. इकडे आणि विलायतेतही ओरड झाली, आणि 1888 साली तो 1868 चा कायदा रद्द झाला. पण पुन्हा तपासणीला बोलावणे म्हणजे चौकीवर हजेरी देणे, ही धास्ती लोकांच्या मनात बसायची ती बसलीच.

विसाव्या शतकात शोधांची रांगच लागली. 1905 साली जर्मनीत या रोगाचा मळसूत्रासारखा जंतू सापडला. 1906 साली वासरमान याने रक्ताची परीक्षा काढली. 1910 साली एर्लिख याचे सोमलापासून केलेले औषध बाजारात आले. ते '606' या आकड्याने ओळखले जाई. त्याच्या सुया महिनोन्‌महिने घ्याव्या लागत. जखम भरली की पुष्कळ रोगी मध्येच दवाखाना सोडीत आणि रोग आत दबा धरून बसे.

मग आले पेनिसिलिन. 1943 साली अमेरिकेत डॉक्टर महोनी यांनी चार रोग्यांवर ते वापरले आणि वर्षानुवर्षांचे औषध दिवसांवर आले. आपल्या महाराष्ट्रातही पुण्याजवळ पिंपरीला 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना निघाला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी त्याला मदत केली. पेनिसिलिन आपल्याच भूमीवर तयार होऊ लागले. आज सुरुवातीच्या उपदंशाला बेंझाथीन पेनिसिलिनची 24 लाख युनिटांची एक मात्रा पुरते. रोग जुना असेल तर दर आठवड्याला एक, अशा तीन वेळा ती द्यावी लागते.

पण औषध जसजसे सोपे झाले, तसतसा पथ्याचा विसर पडला. आपल्या त्या गड्याची चूक येथेच आहे. उपदंशाची पहिली जखम औषध न घेताही काही आठवड्यांत भरून येते! तेव्हा जखम भरणे ही रोग गेल्याची खूण नव्हे. खरी खूण रक्तात असते.

हे आजचे पथ्य नीट ध्यानात घ्या. सुई घेतल्यावर पहिल्या दिवसात कधी थंडी वाजून ताप येतो, अंग दुखते. जंतू मरताना हे होते; घाबरू नये, पण डॉक्टरांना कळवावे. मात्र अंगावर गांधी उठल्या किंवा धाप लागली, तर ते औषध सोसत नसल्याचे लक्षण. तेव्हा क्षणही न दवडता दवाखाना गाठावा. जखमा पुरत्या भरेपर्यंत आणि डॉक्टर सांगेपर्यंत संबंध टाळावा. परम्याच्या औषधानंतर निदान सात दिवस टाळावा, आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासून घ्यावे. परम्याचा जंतू मोठा लबाड. पेनिसिलिनला तो केव्हाच निर्ढावला, म्हणून त्यावर आता दुसरी औषधे देतात. दुकानातून मनाने गोळ्या घेण्याचा हा रोग नव्हे.

उपदंशाची रक्तपरीक्षा साधारण सहा आणि बारा महिन्यांनी करतात. रक्तातला आकडा चौपट खाली आला, म्हणजे 32 चा 8 झाला, तर औषध लागू पडले असे समजतात. एका प्रकारची परीक्षा मात्र जन्मभर दोष दाखवीत राहू शकते. म्हणून पहिला कागद जपून ठेवावा आणि दर वेळी बरोबर न्यावा. एकदा झालेला रोग पुन्हा होतच नाही, अशा भ्रमातही राहू नये. एचआयव्हीची तपासणीही त्याच वेळी करून घ्यावी.

आणि सर्वांत महत्त्वाचे, घरची माणसे. नवऱ्याने सुई घेतली आणि बायकोला सांगितले नाही, तर तिच्याकडून रोग पुन्हा त्याच्याकडे येतो. ती गरोदर असेल तर मूल पोटातच दगावू शकते, नाही तर रोग घेऊन जन्माला येऊ शकते. मग गाव त्या बाईलाच बोल लावतो! म्हणून जोडप्याने दोघांनीही औषध घ्यावे आणि प्रत्येक गरोदर बाईचे रक्त सुरुवातीलाच तपासावे. वेळेवर दिलेल्या पेनिसिलिनने आईबरोबर पोटातले बाळही वाचते.

या विषयावर मराठीत उघड बोलणारा माणूस होऊन गेला. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 1927 पासून 1953 पर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविले आणि त्यापायी कोर्टाच्या पायऱ्याही चढल्या. आता तशी झीज कोणाला सोसावी लागत नाही. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयांतून 'सुरक्षा क्लिनिक' चालतात. तेथे तपासणी आणि औषध मिळते, आणि रोग्याचे नाव गुप्त ठेवतात.

शिक्षक बंधुभगिनींनो, गावात तुमच्या शब्दाला वजन आहे. कोणी संकोचत तुमच्याकडे आला, तर त्याची चौकशी मांडू नका, त्याला उपदेशही करू नका. एवढेच विचारा, "औषध घेतलेत, चांगले केलेत. पुन्हा रक्त तपासायची तारीख कोणती? आणि घरी सांगितलेत का?"