स्टिफ पर्सन सिंड्रोम : हॉर्न वाजला तरी शरीर ताठ करणारा आजार

८ डिसेंबर २०२२ रोजी गायिका सेलिन डिऑन यांनी इन्स्टाग्रामवर व्हिडिओ टाकून आपल्याला ‘स्टिफ पर्सन सिंड्रोम’ असल्याचं सांगितलं. साधारण दहा लाखांत एखाद-दोघांना होणाऱ्या या आजाराचं नाव अनेकांनी तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं.

आपण कोपर वाकवतो तेव्हा दंडाच्या पुढचा स्नायू आखडतो आणि मागचा सैल पडतो. ‘आता सैल हो’ हा निरोप पोहोचवण्यात ‘गाबा’ नावाच्या रसायनाचा मोठा वाटा असतो. थोडक्यात, हा मज्जासंस्थेचा ब्रेक. गाबा तयार करणाऱ्या ‘गॅड’ या एन्झाइमविरुद्धच्या अँटीबॉडी या आजाराच्या बहुतेक रुग्णांच्या रक्तात सापडतात. म्हणजे शरीराची संरक्षणयंत्रणा आपल्याच ब्रेकवर उठलेली असते. हेच एन्झाइम स्वादुपिंडातही असतं. यातल्या अनेकांना टाइप १ मधुमेहही असतो.

सुरुवात बहुधा पाठ आणि पोटाच्या स्नायूंपासून होते. ते फळीसारखे कडक होतात, कंबरेला बाक येतो. त्यावर अचानक येणारे वेदनादायक पेटके. गाडीचा हॉर्न, फोनची रिंग, नकळत झालेला स्पर्श, मनावरचा ताण, काहीही पुरतं. चालताना पेटका आला तर हात पुढे करून सावरताही येत नाही, माणूस ओंडक्यासारखा कोसळतो. म्हणून रुग्ण रस्ता ओलांडायला घाबरतात. झोपेत मात्र हा ताठरपणा ओसरतो.

इथेच घोटाळा होतो. दचकल्यावर वाढणारा, झोपेत कमी होणारा त्रास पाहून ‘हे मानसिक आहे’ असं ठरवलं जातं. त्यात डायझेपामने आराम पडतो आणि ती तर चिंतेवरची गोळी! खरं तर ती गाबाचा परिणाम वाढवते, म्हणून स्नायू सैल पडतात. निदानासाठी रक्तातल्या गॅड अँटीबॉडी आणि स्नायूंची ईएमजी तपासणी करतात.

१९५६ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या मोर्श आणि वोल्टमन या डॉक्टरांनी १४ रुग्णांवरून या आजाराचं वर्णन केलं, तेव्हा नाव होतं ‘स्टिफ मॅन’. पुढे लक्षात आलं की बायकांनाच तो जास्त होतो, मग ‘मॅन’चं ‘पर्सन’ झालं.

आजार पूर्ण बरा होत नाही. डायझेपाम, बॅक्लोफेन, शिरेतून दिलं जाणारं इम्युनोग्लोबुलिन आणि फिजिओथेरपी यांनी तो आटोक्यात ठेवता येतो. डायझेपाम मात्र स्वतःहून एकदम बंद करू नये, पेटके उसळतात. उपचार घेत असतानाच डिऑन २६ जुलै २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकच्या उद्घाटनात आयफेल टॉवरवरून गायल्या.