वाशीमच्या रस्त्यांवर मदतीला धावणारी माणसे

वाशीम जिल्ह्यात रस्त्यावर अपघात झाला की पहिली मदत बहुधा शेजारच्या शेतातून किंवा धाब्यावरून येते. 1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा जिल्हा सहा तालुक्यांचा, विखुरलेल्या गावांचा. डोक्याला जबर मार लागलेल्या जखमीला अकोला, अमरावती नाहीतर थेट नागपूर गाठावे लागे. वाशीमहून अकोलाच सुमारे 80 किलोमीटर. जखमी तिथवर जिवंत पोहोचणार की नाही, हे पहिल्या अर्ध्या तासात जवळ कोण आहे यावर ठरत आले आहे.

मदतीची जुनी रीत हाताशी असेल त्यातून घडलेली होती. जखमीला बाजेवर किंवा चादरीत उचलायचे आणि मिळेल त्या जीपमधून, टेम्पोतून दवाखान्यात न्यायचे. ट्रकच्या केबिनमध्ये चालक अडकला असेल तर काम कठीण. दरवाजा सब्बलीने उचकटायचा, चेपलेला पत्रा ट्रॅक्टरला साखळी लावून ओढायचा, आणि तेवढ्याने भागले नाही तर वेल्डिंगच्या दुकानातून गॅस कटर आणायचा. डिझेल सांडलेले असेल तर कटरची एक ठिणगीही घात करते, म्हणून आधी माती टाकावी लागते. धाडस भरपूर होते, पण प्रशिक्षण नव्हते. मणक्याला मार बसलेल्या माणसाला हातापायांना धरून उचलले तर तो कायमचा अधू होऊ शकतो, हे सांगणारे कोणी नव्हते.

याहून मोठी अडचण होती ती पोलीस आणि कोर्टाच्या भीतीची. जखमीला नेले तर जबाब, पंच, साक्ष, तारखा मागे लागतील, या धास्तीने चांगली माणसेही गाडी न थांबवता पुढे जात. दवाखानेही ‘पोलीस केस’ म्हणून जखमींना परत पाठवत. परमानंद कटारा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्ये स्पष्ट केले की कागदपत्रांची वाट न पाहता आधी उपचार करणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे. मदत करणाऱ्याला संरक्षण मिळायला मात्र आणखी सत्तावीस वर्षे गेली. सेव्हलाइफ फाउंडेशन या स्वयंसेवी संस्थेच्या याचिकेवर 30 मार्च 2016 रोजी न्यायालयाने केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात हेच संरक्षण देणारे 134-अ हे कलम आले. इतका उशीर किती जिवांना भोवला, याचा हिशेब कुठेच नाही.

दरम्यान 2014 मध्ये राज्यात 108 क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा 937 गाड्यांनिशी सुरू झाली. तिने खूप फरक पडला, तरी गाडी पोहोचेपर्यंतचा वेळ गावकऱ्यांनाच सांभाळायचा होता. या भागातील स्वयंसेवी पथके त्याच कामाची. शेजारच्या अकोला जिल्ह्यातील पिंजर येथील संत गाडगेबाबा आपत्कालीन शोध व बचाव पथक पुरात, धरणात आणि विहिरीत बुडालेल्यांचा शोध घेते, तसेच रस्त्यावरच्या अपघातातही धावून जाते. वाटसरूंसाठी धर्मशाळा बांधणाऱ्या गाडगेबाबांचे नाव अशा पथकाला शोभून दिसते.

1 मार्च 2021 पासून महामार्ग पोलिसांनी ‘मृत्युंजय दूत’ योजना सुरू केली. महामार्गालगतच्या गावांतील तरुण, धाबे आणि पेट्रोल पंपांवरचे कामगार यांचे गट करून त्यांना प्रथमोपचार शिकवायचे, स्ट्रेचर आणि ओळखपत्र द्यायचे, अशी तिची आखणी. गावकरी आपणहून करत होते त्याच कामाला सरकारी मान्यता मिळाली, आणि तेच तिचे मोल.

11 डिसेंबर 2022 रोजी नागपूर–मुंबई समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला आणि चित्र पालटले. त्याचा सुमारे 97 किलोमीटरचा पट्टा कारंजा, मंगरूळपीर आणि मालेगाव या तालुक्यांतून जातो. जुन्या रस्त्यावर शेतातून दोन मिनिटांत अपघातस्थळी पोहोचता येई. समृद्धीला दोन्ही बाजूंनी कुंपण आहे आणि प्रवेश फक्त इंटरचेंजवरून. शेजारच्या शेतात काम करणाऱ्याला अपघात डोळ्यांसमोर दिसला तरी सरळ धावत जाता येत नाही. रुग्णवाहिका कारंजा, शेलूबाजार किंवा मालेगावच्या इंटरचेंजवरून आत जाते. ती चुकीच्या बाजूने शिरली तर पुढच्या इंटरचेंजपर्यंत जाऊन वळावे लागते. 1 जुलै 2023 रोजी शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटून 25 प्रवासी दगावले, तेव्हा या रस्त्यावरच्या मदतव्यवस्थेचा प्रश्न साऱ्या राज्यापुढे आला.

वाशीमला आता स्वतःचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याचे उद्घाटन ऑक्टोबर 2024 मध्ये झाले. मे 2025 पासून केंद्राच्या योजनेत अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख न भरता मिळतात. समृद्धीवर अपघात दिसल्यास 108 किंवा 112 वर फोन करावा आणि वाहन नागपूरकडे जाणाऱ्या बाजूला आहे की मुंबईकडे, तसेच जवळच्या दगडावरचा किलोमीटर क्रमांक, या दोन गोष्टी आधी सांगाव्यात. फोन करणाऱ्याने स्वतःचे नाव सांगितलेच पाहिजे, असे कायदा म्हणत नाही.