षट्कोणी चाव्या आणि दोन मापें

मराठवाड्यांतील मध्यमवर्गीय घरांत अलीकडे एक नवें साधन मुक्कामास आलें आहे. काटकोनांत वांकविलेल्या, सहा पैलूंच्या त्या पोलादी कांडीस कारागीर लोक ‘ॲलन की’ म्हणतात. मुलांची सायकल, सुटी करून पुन्हां जोडतां येणारी खुर्ची, पिठाची घरगुती चक्की, यांपैकीं कांहींही घरांत आलें कीं बरोबर अशी एखादी चावी येते, आणि काम झाल्यावर खिळ्यांच्या डब्यांत पडते. अशा दहा-वीस चाव्या सांचल्या म्हणजे त्यांची व्यवस्था कशी लावावी, हा प्रश्न वाचकांस क्षुद्र वाटेल. परंतु त्याच्या मुळाशीं असलेला इतिहास क्षुद्र नाहीं, आणि तो ठाऊक झाल्यावांचून त्या चाव्या नीट लावतांही येणार नाहींत, असें आम्हांस वाटतें.

पूर्वीं कारखान्यांत एका इंजिनावर एक लांब आंस फिरे, व त्यावरील चाकांवरून पट्टे जाऊन सारीं यंत्रें चालत. आंसावर चाक घट्ट बसविण्यासाठीं जो स्क्रू लावीत, त्याचें चौकोनी डोकें बाहेर आलेलें असे. आंस वेगानें फिरूं लागला म्हणजे तें डोकें दिसेनासें होई. जवळ गेलेल्या मजुराची बाही त्यांत गुंते, आणि हात जाई, प्रसंगीं प्राणही जाई. यावर उपाय असा कीं, डोकेंच नाहींसें करावें व स्क्रूच्या पोटांत षट्कोणी खांच पाडावी. ही कल्पना एकोणिसाव्या शतकांतच निघाली होती. परंतु अशी खांच मजबूत व स्वस्तांत तयार करण्याची युक्ति अमेरिकेंतील हार्टफर्ड येथील विल्यम ॲलन यानें बसविली, आणि १९१० सालीं तिचें पेटंट घेतलें. पुढें १९३६ च्या सुमारास जर्मनींतील एका कारखान्यानें याच जातीचा स्क्रू ‘इन्बुस’ या नांवानें रूढ केला. सारांश, ही चावी मजुराचा हात वांचविण्याच्या खटपटींतून वाढीस लागली.

अमेरिकेची चावी इंचाच्या अपूर्णांकांत, जर्मनीची मिलिमीटरांत. घोटाळ्याचें मूळ येथेंच आहे. एकाच कामाचीं दोन मापें शेजारीं नांदूं लागलीं म्हणजे काय होतें, हें मराठवाड्यास निराळें सांगावयास नको. नांदेडास १९०० च्या सुमारास आलेली हैदराबाद-गोदावरी खोऱ्याची आगगाडी एक मीटर रुंदीच्या रुळांवरून धांवे, तर लातुरास १९११ सालीं पोंचलेली बार्शी लाइट रेल्वे अडीच फुटांच्या रुळांवरून. एकीचा डबा दुसरीवर चालणें अशक्य. मनमाड किंवा कुर्डुवाडी येथें मोठ्या रुळांशीं गांठ पडली कीं माल एका डब्यांतून काढून दुसऱ्यांत भरावा लागे, आणि त्या हमालीचा खर्च मालावर चढे. नाण्यांचीही तीच कथा. निजामी राज्यांत हाली रुपया व इंग्रजी कलदार असे दोन्ही रुपये लोकांच्या हातीं येत. सात हाली म्हणजे सहा कलदार असा साधारण हिशेब असे, आणि सौदा करतांना रुपया कोणता, हें आधीं बोलून घेणें शहाणपणाचें ठरे.

तथापि रूळ व नाणीं यांतील भेद डोळ्यांस दिसे; चाव्यांतील भेद दिसत नाहीं. एक-अष्टमांश इंचाची चावी ३.१८ मिलिमीटर भरते, म्हणून ती ३ च्या खांचेंत शिरतच नाहीं, व म्हणूनच निरुपद्रवी आहे. तीन-सोळांश इंचाची चावी ४.७६ मिलिमीटर भरते. ती ५ च्या खांचेंत सहज शिरते, जोर लावतांच किंचित् फिरते, आणि खांचेचे कोपरे झिजवून टाकते. मग तो स्क्रू योग्य चावीसही दाद देत नाहीं. अगदीं चुकीच्या मापापेक्षां जवळजवळ बरोबर असलेलें माप अधिक घातक, हा या लहानशा हत्याराचा मोठा धडा आहे.

१९५६ च्या कायद्यान्वयें व १९५८ च्या ऑक्टोबरपासून क्रमाक्रमानें आपल्या देशांत मेट्रिक मापें आलीं. बाजारांतून शेर गेला, वार गेला. परंतु जुनीं यंत्रें केवळ कायद्यासाठीं कोणी मोडींत काढलीं नाहींत. त्यामुळें घरच्या डब्यांत आजही दोन्ही कुळांच्या चाव्या एकत्र सांपडतात.

म्हणून पहिलें काम कुळें निराळीं करण्याचें. पुसट आंकड्यांवर विसंबूं नये. व्हर्नियरनें प्रत्येक चावी मोजावी. नंतर सागाची एक जाड फळी घेऊन तींत चढत्या क्रमानें दोन ओळी पाडाव्या, एक मिलिमीटरांची व एक इंचांची, आणि इंचांच्या ओळीस तांबडा रंग द्यावा. चावीचें माप म्हणजे समोरासमोरच्या बाजूंमधील अंतर. कोपऱ्यांमधील अंतर त्याच्या सुमारें १.१५ पट असतें. यास्तव ६ मिलिमीटरच्या चावीस ७ चें व १० च्या चावीस १२ चें भोंक ठेवावें. प्रत्येक भोंकाखालीं माप लिहावें, म्हणजे हरवलेल्या चावीची वर्दी रिकामी जागाच देते. टोंक झिजलें म्हणून चावी टाकूं नये. तिचा छेद सर्वत्र सारखाच असतो. झिजलेला भाग सहाणेच्या चाकावर, मधून मधून पाण्यांत बुडवीत, सरळ घांसून काढला कीं ती पुन्हां कामास येते. पावसाळ्यापूर्वीं तेलाचा हात फिरवावा.

नांदेडचे मीटर रुंदीचे रूळ विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत गेले, आणि लातूरचे अरुंद रूळ एकविसाव्याच्या पहिल्या दशकांत. आतां दोन्ही शहरांचा माल एकाच रुंदीच्या मार्गानें जातो. तो मेळ घालण्यास जवळजवळ एक शतक व सरकारी तिजोरी लागली. घरांतील मेळास एक फळी व एक दुपार पुरे. ती दुपार आपल्या मुलामुलींना शेजारीं बसवून घालवावी, व मोजण्याचें काम त्यांच्याकडेच सोंपवावें. ‘चालून जाईल’ आणि ‘बरोबर आहे’ यांतील पाव मिलिमीटराचें अंतर ज्यानें लहानपणीं स्वतः मोजलें, तो पुढें दुसऱ्याच्या जिवाशीं संबंध असलेल्या यंत्रावर अंदाजानें हात घालणार नाहीं.