जुनी विंटेज वाइन : संग्रह आणि आस्वाद

विंटेज वाइन म्हणजे मुख्यतः एकाच हंगामातील द्राक्षांपासून बनवलेली आणि त्या हंगामाचे साल बाटलीवर असलेली वाइन. अशी वाइन अनेक वर्षे बाटलीत मुरू देऊन पिण्याची प्रथा युरोपात १८ व्या शतकापासून रुजली. मात्र साल छापले म्हणजे वाइन टिकतेच असे नाही. जगातील बहुतेक वाइन दोन-तीन वर्षांत प्यायची असते. दशके टिकणारे प्रकार मोजके : फ्रान्समधील बोर्दो, बर्गंडी व सोतेर्न, जर्मनीतील रीसलिंग, इटलीतील बारोलो, पोर्तुगालमधील पोर्ट आणि मदिरा.

मुरण्याची प्रक्रिया : आम्लता, टॅनिन (तुरट द्रव्य), साखर आणि मद्यार्क यांच्या बळावर वाइन टिकते. कालांतराने टॅनिन व रंगद्रव्यांचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन साका तळाशी बसतो. लाल वाइन विटकरी होते, पांढरी गडद सोनेरी. तुरटपणा उतरतो; ताज्या फळाचा वास मागे पडून सुकामेवा, चामडे, ओली माती अशा छटा येतात. जर्मनीतील व्युर्ट्सबुर्गची १५४० सालच्या, कडक दुष्काळी हंगामातील वाइन १९६१ मध्ये लंडनला उघडली, तेव्हाही तिच्यात चव शिल्लक होती. हवा लागताच मात्र ती काही मिनिटांत विटली.

साठवण : सुमारे १२ ते १४ अंश सेल्सिअसचे स्थिर तापमान, अंधार, ७० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता आणि हादऱ्यांपासून दूर जागा लागते. बूच ओले राहावे म्हणून बाटली आडवी ठेवतात. उष्णतेने रासायनिक बदलांचा वेग वाढतो, वाइन फुगून बूच सरकते आणि आत हवा शिरते.

दख्खनचा उन्हाळा व मदिरा : युरोपातील तळघरे आपोआप थंड राहतात, कारण जमिनीच्या पोटातील तापमान त्या ठिकाणच्या वार्षिक सरासरीजवळ असते. सोलापूर-नळदुर्ग भागात ही सरासरी २५ अंशांच्या वर आहे. नळदुर्गच्या किल्ल्यात इब्राहीम आदिलशाह दुसरा याच्या काळात, १६१३ च्या सुमारास, बोरी नदीवरील बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल बांधला गेला. जाड दगडी भिंती आणि वाहते पाणी यांमुळे भर उन्हाळ्यातही तेथे माणसाला गारवा मिळतो. वाइन मुरवायला मात्र एवढा गारवा पुरत नाही.

म्हणूनच कंपनी सरकारच्या काळात हिंदुस्थानात मदिरा या वाइनला मोठी मागणी होती. पूर्वेकडे निघालेली जहाजे अटलांटिकमधील मदिरा बेटावर थांबून पिंपे भरून घेत. ब्रँडी मिसळलेली ही वाइन उष्ण कटिबंधातील प्रवासात तापे आणि त्यामुळेच अधिक चवदार होई. हिंदुस्थानची फेरी करून परतलेल्या पिंपांना इंग्लंडमध्ये जास्त भाव मिळे. पुढे हाच परिणाम तापवलेल्या खोल्यांत साधण्यात आला. उष्णता आणि हवा यांनी जे बिघडायचे ते आधीच बिघडून गेलेले असल्याने मदिरा शंभर वर्षांनंतरही पिण्याजोगी राहते. १८५३ च्या सुमारास मदिरा बेटावर द्राक्षवेलींवरील भुरी रोगाची साथ पसरून उत्पादन कोसळले. आज नळदुर्ग-सोलापूरकडचा बागायतदार गंधकाची फवारणी करतो ती याच रोगासाठी.

महाराष्ट्रातील स्थिती : सोलापूर-धाराशिव पट्ट्यातील द्राक्षे मुख्यतः खाण्यासाठी व बेदाण्यासाठी असतात. थॉमसन सीडलेस आणि तिच्यापासून नान्नज येथे नानासाहेब काळे यांनी निवडलेली सोनाका या जाती गोड, बिनबियांच्या. त्यांच्यात टॅनिन नगण्य, त्यामुळे त्या मुरवण्याच्या वाइनला निरुपयोगी. राज्यात १९८० च्या दशकात श्याम चौगुले यांच्या इंडेज कंपनीने नारायणगावला फेसाळ वाइन बनवली. २००१ मध्ये राज्याचे द्राक्षप्रक्रिया धोरण आले. नाशिकच्या सुला वाइनरीपाठोपाठ सोलापूर जिल्ह्यात अकलूज परिसरात फ्रातेल्ली ही वाइनरी उभी राहिली. तिची सांजोव्हेझे व काबेर्ने सोव्हिन्यों यांपासूनची ‘सेत्ते’ ही वाइन मुरवण्याच्या हेतूनेच बनवली जाते. तिचा पहिला हंगाम २००९ चा, त्यामुळे या भागातील जुन्या वाइनचे वय अजून वीस वर्षांच्या आतच आहे.

एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी यांमुळे येथील काढणी बहुधा जानेवारी ते मार्चमध्ये होते. युरोपात ती सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये असते. परिणामी एकाच सालाची इथली वाइन तिथल्यापेक्षा सुमारे सात महिने वयाने मोठी असते.

बाजार व बनावट : जुन्या बाटलीची किंमत तिच्या साठवणीच्या इतिहासावर ठरते. खरेदीदार बाटलीतील पातळी, बूच, लेबल आणि पूर्वीच्या मालकांच्या नोंदी तपासतात. १९४५ ची रोमाने-कोंती २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ५ लाख ५८ हजार डॉलरना गेली. एवढ्या पैशापाठोपाठ बनवेगिरीही आली : रूडी कुर्नियावान याला बनावट जुन्या वाइन विकल्याबद्दल अमेरिकेत २०१४ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. भारतातील संग्राहकाला आयात वाइनवर दीर्घकाळ १५० टक्के सीमाशुल्क भरावे लागले. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार मद्य बाळगण्यास परवाना लागतो आणि घरगुती साठ्यावर मर्यादा असते.

आस्वाद : बाटली एक-दोन दिवस उभी ठेवून साका खाली बसू देतात. ठिसूळ झालेले बूच दोन पात्यांच्या चिमट्याने हळूच काढतात. मग मानेखाली प्रकाश धरून वाइन संथपणे दुसऱ्या भांड्यात ओततात आणि साका दिसू लागताच थांबतात. फार जुनी वाइन हवेत झपाट्याने उतरते, म्हणून ती उघडल्यावर लगेच पितात. मदिरा मात्र उघडल्यानंतरही अनेक महिने टिकते. सोबत तिखट मसालेदार पदार्थ टाळतात, कारण त्यांच्यापुढे मुरलेल्या वाइनची सौम्य चव लागत नाही.