जवसाचें तेल आणि धातूंचा साबण

गोदावरीच्या दक्षिण तीरावरचा, बीड जिल्ह्यांतील गेवराई तालुका इतिहासाच्या वाचकांस राक्षसभुवनच्या १७६३ सालच्या लढाईमुळें परिचित आहे. लढाई एका दिवसांत संपली. त्या भागांतील काळ्या जमिनीचा व्यवहार मात्र पुढेंहि पूर्ववत् चालत राहिला. जवस आणि करडई हीं तेथील जुनीं गळिताचीं धान्यें. रब्बीच्या ज्वारींत करडईचे पाटे घालावयाचे, किंवा गुरांनीं पिकास तोंड लावूं नये म्हणून तिची कांटेरी रांग शेताच्या कडेनें धरावयाची, ही मराठवाड्यांतील सर्वपरिचित वहिवाट होय. करडईचें तेल फोडणीस लागे, जवसाची चटणी भाकरीवर पडे. परंतु एकोणिसाव्या शतकांत मुंबईच्या बंदरांतून जहाजें भरभरून जो जवस विलायतेस जाई, तो कोणाच्या पोटासाठीं नव्हता. तो रंग, रोगण, छापण्याची शाई आणि मेणकापड यांच्या कारखान्यांसाठीं होता. कारण जवसाचें तेल वाळतें.

हें ‘वाळणें’ मोठें फसवें आहे. धुतलेलें धोतर वाळतें तें त्यांतील पाणी उडून जातें म्हणून. जवसाचें तेल कांहीं गमावून वाळत नाहीं, तें हवेंतील प्राणवायु घेऊन वाळतें. आणि तेलाचा पातळ थर कांचेवर देऊन तोलला, तर वाळत असतां त्याचें वजन वाढलेलें आढळतें. तेलाचे कण प्राणवायूच्या योगानें एकमेकांस जखडले जातात व पातळ तेलाचा चिवट पापुद्रा बनतो. खोबरेल असें कधींच वाळणार नाहीं, तुपाची तर गोष्टच नको. करडईचें तेल वाळतें, पण अधिक सावकाश. मात्र तें जवसासारखें पिवळें पडत नाहीं, म्हणून पांढऱ्या रंगांत त्याची किंमत अधिक.

कच्चें जवसाचें तेल वाळावयास तीनचार दिवस घेतें. तेवढ्या अवधींत दारावर धूळ बसते, चिलटें चिकटतात आणि घरांतील मुलांचे हात उमटतात. यावर जुन्या कारागिरांचा उपाय म्हणजे मुरदाडशिंग. शिशाची ही पिवळट भस्मासारखी वस्तु तेलांत घालून तेल कढविलें कीं तें पुष्कळच लवकर वाळूं लागतें. रंगारी ज्यास बेलतेल म्हणतात, तें या जातीचें. युरोपांतील चित्रकारांसहि मध्ययुगापासून ही युक्ति अवगत होती. तेलांत नेमकें काय घडतें, हें मात्र फार दिवस कोणास उमगलें नव्हतें.

त्याचा उलगडा शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानें केला. साबण म्हणजे तेलांतील अम्ल आणि क्षार यांचा संयोग, हें त्याच्या १८२३ सालच्या ग्रंथानें सिद्ध झालें. क्षार सोड्याचा असेल तर अंगास लावावयाचा साबण मिळतो. सोड्याच्या जागीं शिसें, मँगनीज, चुना अथवा अॅल्युमिनियम आल्यास जो साबण होतो, तो पाण्यांत विरघळत नाहीं आणि त्याला फेंसहि येत नाहीं. त्याचे बरेच प्रकार तेलांत मात्र सुखानें मिसळतात. कढईंत मुरदाडशिंग घालणारा कारागीर नकळत शिशाचा साबणच करीत होता. रोमन सम्राट टायबेरियस याच्या काळचा वैद्य मेनेक्राटीझ याचा प्रसिद्ध लेपहि याच जातीचा. म्हणजे रंगाऱ्याच्या आधीं वैद्यानें ही वस्तु हाताळली होती.

महाराष्ट्राच्या मुद्रणाच्या आरंभींहि असाच एक साबण दडलेला आहे. गणपत कृष्णाजी यांनीं १८३१ सालीं मुंबईस मराठी पंचांग शिळाछापावर काढलें. अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत पाहून शिकलेला हा गृहस्थ यंत्र, शिळा व शाई या सर्वांचे प्रयोग स्वतः करून बसला होता. सोवळ्याओंवळ्याच्या त्या काळांत चरबीच्या शाईनें छापलेला कागद हातीं धरण्यास धार्मिक मंडळी कचरत. म्हणून शाईंत चरबीऐवजीं तूप घातल्याची हकीकत सांगितली जाते. तूप वाळत नाहीं हें वर आलेंच आहे. मग तें शाईंत चालावें कसें? शिळाछापाचें मर्म ध्यानीं घेतलें म्हणजे हा पेच सुटतो. शिळा असते चुनखडीची. तिच्यावर स्निग्ध शाईनें अक्षर काढलें कीं स्निग्धांतील अम्ल चुन्याशीं मिळून तेथें चुन्याचा साबण धरतो; तो पाणी झिडकारतो आणि रुळावरची शाई ओढून घेतो. शिळेवर लिहिण्याच्या कामीं चरबी जें करी तें तूपहि करूं शकेल. रुळावरच्या छापण्याच्या शाईस मात्र सामान्यतः कढवून घट्ट केलेलें जवसाचें तेलच हवें. १८९४ सालीं गिरगांवांत रविवर्म्याचा चित्रशिळाछापखाना निघाला, त्यांत तर एका चित्रावर एकामागून एक अनेक रंगांचे छाप द्यावयाचे. पहिला रंग वाळल्याखेरीज दुसरा चढवावा तरी कसा? घरोघरच्या भिंतींवर विराजमान झालेल्या लक्ष्मी-सरस्वती शाईच्या वाळण्याच्या वेळापत्रकानें बांधलेल्या होत्या.

बीं येथून जाई आणि रंगाचे डबे तिकडून येत, या व्यवहाराबद्दल हळहळ व्यक्त करणारे पुष्कळ झाले. पण तेल गाळणें कांहीं अवघड नव्हतें. गांवचा तेली तें करीतच होता. खरें मोल होतें त्यांतील चिमूटभर शोषकाचें. शंभर भाग तेलास कोबाल्टचा दहावा हिस्साहि पुरे होतो आणि तीनचार दिवसांचें काम दिवसाच्या आंत होतें. मँगनीजचे साबण एकोणिसाव्या शतकांत रूढ झाले, कोबाल्टचे विसाव्यांत. मँगनीजचें खनिज तर नागपूर-भंडाऱ्याकडे विपुल. तेंहि जहाजांतून परदेशीं जाई, बहुतेक पोलादासाठीं.

कोबाल्ट आणि मँगनीज यांचा गुण असा कीं हे धातु प्राणवायूशीं दोन निरनिराळ्या मापांनीं संयोग पावतात व एका मापावरून दुसऱ्यावर सहज जातात. त्यामुळें ते तेलापाशीं प्राणवायूची ने-आण करणाऱ्या हमालासारखे राबतात. अॅल्युमिनियमचें माप एकच. ही हमाली त्यास साधत नाहीं. म्हणून वाळविण्याच्या कामीं तो एकटा निरुपयोगी ठरला. त्याच्या साबणाचे गुण वेगळे आहेत. कापड प्रथम साबणाच्या आणि मग तुरटीच्या पाण्यांत बुडविलें, तर धाग्यांवर अॅल्युमिनियमचा साबण बसतो आणि पावसाचें पाणी ओघळून जातें. खनिज तेलांत तो मिसळला तर तेल आळतें, वंगणासारखें घट्ट होतें. रंगाच्या डब्यांत रंगद्रव्य तळाशीं बसूं नये म्हणूनहि तो घालतात.

याच आळण्याच्या गुणाचा भयंकर उपयोग १९४२ सालीं निघाला. अमेरिकेंत हार्व्हर्ड येथें लुई फीझर यानें अॅल्युमिनियमच्या साबणांनीं पेट्रोल घट्ट करून नापाम सिद्ध केला. पेटलेला हा पदार्थ जेथें पडेल तेथें चिकटून जळत राही. मार्च १९४५ मध्यें एका रात्रींत टोकियोचा मोठा भाग त्यानें भस्मसात् झाला व कित्येक सहस्र माणसें जळून मेलीं. त्याच १९४२ सालीं, युद्धामुळें विलायती रंगांची आयात आटली असतां, गिरगांवांतील गायवाडींत चार मित्रांनीं एशियन पेंट्स हा लहानसा उद्योग आरंभिला. बंद पडलेल्या वाटेमुळें घरचा रंग घरीं होऊं लागला, हें युद्धाचें एक बरें फळ म्हणावें लागेल.

शिशाची किंमत मात्र माणसांनीं फार दिवस अंगानें मोजली. रंगाऱ्यांचा पोटशूळ आणि हातांतील शक्ति जाणें हीं दुखणीं वैद्यांस शतकानुशतकें माहीत होतीं. लहान मुलांच्या बुद्धीवर शिशाचा होणारा परिणाम विसाव्या शतकांत स्पष्ट झाला. मुलें जुन्या रंगाचे खपले तोंडांत घालतात व त्याची धूळ श्वासाबरोबर आंत जाते. भारत सरकारनें २०१६ सालीं नियम केले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगांत दहा लाख भागांत नव्वद भागांहून अधिक शिसें असूं नये असा निर्बंध घातला. शंभर वर्षें आधीं तो झाला असता तर किती हातांचें बळ राहिलें असतें!

शिसें हा रंगाचा थर आंतून तळापर्यंत वाळवीत असे. तें काम आतां झिर्कोनियमचे आणि चुन्याचे साबण करतात. कांहीं रंगांत अॅल्युमिनियमचीं संयुगेंहि त्यांस साह्य करतात: प्राणवायु पोंचविण्याचें नव्हे, तर तेलाच्या कणांस एकमेकांशीं सांधण्याचें. कोबाल्टविषयींहि संशय उत्पन्न झाल्यानें मँगनीज व लोखंड यांच्याकडे कारखानदार पुन्हां वळूं लागले आहेत. चुन्याचा साबण तर नवा नव्हेच. गणपत कृष्णाजींच्या शिळेवर पंचांगाच्या तिथि-नक्षत्रांखालीं धरला होता तो हाच.