सात बटणांची बोलकी वही

आजच्या भागाचा मजकूर खाली देतेय. ज्यांना ऐकायचंय त्यांनी ऐका, ज्यांना लोकलमध्ये उभ्याउभ्या वाचायचंय त्यांनी वाचा. विषय जुन्या गॅजेटचा आहे, पण त्याची खूण तुमच्या खिशातल्या फोनमध्ये आजही सापडते. कुठे, ते सांगते.

साल १९८७. अमेरिकेतल्या फिनिक्स शहरात तिथल्या अंधांच्या राष्ट्रीय संघटनेचं, म्हणजे नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंडचं, वार्षिक अधिवेशन भरलं होतं. तिथे डीन ब्लेझी नावाचा इंजिनियर एक छोटं यंत्र घेऊन आला. पुस्तकाएवढा आकार, वजन अर्ध्या किलोच्या आसपास. त्याला स्क्रीन नव्हता. वर फक्त सात बटणं: सहा ब्रेलच्या ठिपक्यांची आणि एक स्पेसबार. तुम्ही ब्रेलमध्ये टाइप करायचं आणि यंत्राने ते बोलून दाखवायचं. नाव ‘ब्रेल अँड स्पीक’.

आज ऐकून वाटेल, यात काय मोठंसं! पण काळ बघा. डोळस लोकांमध्ये खिशातला संगणक लोकप्रिय करणारा पाम पायलट आला १९९६ मध्ये. म्हणजे त्याच्या नऊ वर्षं आधी अंध विद्यार्थी, वकील, शिक्षक फाइली, घड्याळ, कॅलेंडर आणि कॅल्क्युलेटर असलेलं यंत्र खांद्याला लटकवून फिरायला लागले होते. तंत्रज्ञान आधी डोळसांना मिळतं आणि मग उरलंसुरलं अंधांपर्यंत पोचतं, असा आपला समज असतो. इथे गाडी उलटी धावली.

ती उलटी का धावली, ते कळायला थोडं मागे जाऊ.

लुई ब्रेलचा जन्म १८०९ चा, फ्रान्समधल्या कुव्रे गावचा. लहानपणी डोळ्याला इजा झाली आणि दृष्टी गेली. वयाच्या पंधराव्या वर्षी, १८२४ मध्ये, त्याने सहा ठिपक्यांची लिपी जुळवली. १८२९ मध्ये ती छापून आली. उभे तीन ठिपके डावीकडे, तीन उजवीकडे. डावीकडचे वरून खाली १, २, ३ आणि उजवीकडचे ४, ५, ६. एवढंच. बोटाच्या एका टोकाखाली अख्खं अक्षर मावतं, ही त्यातली खरी गंमत.

पण लिहायचं कसं? पाटी आणि स्टायलस. मी स्वतः त्यावरच शिकले. पाटीत कागद अडकवायचा आणि टोच्याने एकेक ठिपका दाबायचा. ठिपका कागदाच्या मागच्या बाजूला उमटतो, म्हणून लिहायचं उजवीकडून डावीकडे, आणि कागद उलटून वाचायचं डावीकडून उजवीकडे. एक अक्षर म्हणजे कधी पाच टोचे. कॉलेजात सर एक परिच्छेद सांगून मोकळे व्हायचे तेव्हा माझी दुसरी ओळ चालू असायची. शिवाय टकटक आवाज! एका सरांनी तर मला शेवटच्या बाकावर बसवलं होतं, बाकीच्यांना त्रास नको म्हणून.

हा वेगाचा प्रश्न पहिल्यांदा सोडवला अमेरिकेतल्या फ्रँक हॉलने. इलिनॉयमधल्या अंधशाळेचा हा प्रमुख. १८९२ मध्ये त्याने ब्रेलचा टाइपरायटर केला. सहा ठिपक्यांना सहा बटणं, आणि एका अक्षराची सगळी बटणं एकदम दाबायची. पेटीवर एकाच वेळी तीन-चार सूर धरावेत, तसं. पाच टोच्यांच्या जागी एक दाब. पुढे बॉस्टनजवळच्या पर्किन्स शाळेत डेव्हिड अब्राहम या सुतारकाम शिकवणाऱ्या शिक्षकाने जास्त दणकट यंत्र बनवलं. मधे दुसरं महायुद्ध आलं, त्यामुळे ते तयार होऊन बाहेर पडायला १९५१ उजाडलं. पर्किन्स ब्रेलर आजही जगभरच्या अंधशाळांमध्ये खडखडतोय. पण तो लोखंडी, साडेचार किलोच्या वरचा, आणि लेक्चरमध्ये आणलात तर शेवटचा बाकसुद्धा मिळणार नाही.

मग आलं इलेक्ट्रॉनिक्स. १९७० च्या दशकात फ्रान्समध्ये ओलेग ट्रेटियाकॉफ यांनी आणि जर्मनीतल्या संशोधकांनी कागदाशिवाय ब्रेल दाखवणारी यंत्रं बनवली. वीज दिली की किंचित वाकणारी पिझो पट्टी, तिच्यावर उभी छोटी टाचणी. पट्टी वाकली की टाचणी वर येते आणि बोटाला ठिपका लागतो. त्याच दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या टेलिसेन्सरी कंपनीचं ‘व्हर्साब्रेल’ आलं. त्यात वीस अक्षरांची ब्रेल ओळ होती आणि मजकूर साठवला जायचा साध्या ऑडिओ कॅसेटवर! यंत्र भारीच होतं, पण वजनालाही भारी आणि किमतीलाही. प्रत्येक ठिपक्याला एक पट्टी, म्हणजे वीस अक्षरांना शंभरहून जास्त पट्ट्या. किंमत कुठून कमी होणार?

आता केंटकी राज्यात जाऊ. तिथे टिम क्रॅनमर नावाचे गृहस्थ होते. ते स्वतः अंध होते आणि राज्याच्या अंध-सेवा विभागाचे प्रमुख होते. अंध मुलं गणितासाठी वापरतात तो मणी न घसरणारा ॲबॅकस त्यांचाच. शाळकरी वयातला डीन ब्लेझी त्यांच्या हाताखाली काम करत होता. अंध माणसाला काय लागतं, हे त्याला कुठल्या सर्व्हेतून कळलं नाही; ते त्याच्या साहेबांच्या रोजच्या कामातून कळलं. पुढे तो इंजिनियर झाला, मेरीलँडमध्ये कंपनी काढली आणि बोलणारे संगणक बनवले.

इकडे केंटकीच्या विभागात फ्रेड गिसोनी, हेही अंध, आणि वेन थॉम्पसन यांनी १९८० च्या दशकाच्या मध्यात ‘पॉकेटब्रेल’ नावाचा एक जुगाड तयार केला. सर्किट, ब्रेलची बटणं आणि आवाजाची चिप, सगळं व्हिडिओ कॅसेटच्या प्लास्टिक डब्यात बसवलेलं. ब्लेझीने ती कल्पना उचलून बाजारात टिकेल असं यंत्र केलं. त्यातली युक्ती साधी होती: महागडी ब्रेल ओळ काढूनच टाकायची. लिहिणं ब्रेलने, ऐकणं कानाने. किंमत धाडकन खाली आली.

आता जरा आत डोकावू. आपल्या श्रोत्यांत कोडिंगवाले बरेच आहेत, त्यांना हा भाग आवडेल.

सहा ठिपके म्हणजे सहा बिट. ठिपका १ ची किंमत १, दोनची २, तीनची ४, चारची ८, पाचची १६ आणि सहाची ३२. एकूण ६४ शक्यता, त्यात एक कोरी. आपला ‘क’ म्हणजे ठिपके १ आणि ३, बेरीज ५. ‘म’ म्हणजे १, ३, ४, बेरीज १३. आता अडचण अशी की माणसाची बोटं एका क्षणी टेकत नाहीत. एक बोट आधी पडतं, दुसरं निमिषभर नंतर. बटण दाबल्या दाबल्या अक्षर ठरवलं तर सगळा गोंधळ होईल. म्हणून प्रोग्रॅम वाट बघतो. जी जी बटणं दाबली गेली ती जमा करत राहतो, आणि सगळी बोटं उचलली गेली की बेरीज करून तक्त्यात अक्षर शोधतो. म्हणजे अक्षर दाबताना बनत नाही, सोडताना बनतं.

मग कमांड कुठून आणायच्या? कंट्रोल, आल्ट, फंक्शन की काहीच नाही. उत्तर सातव्या बटणात होतं. अक्षरासोबत स्पेसबारही दाबला की ती कमांड. तिला नाव पडलं ‘कॉर्ड’, संगीतातलं. स्पेससोबत १-२-३ दाबलं की फाइलच्या सुरुवातीला, ४-५-६ दाबलं की शेवटाला. स्पेससोबत ओ म्हणजे फाइल उघडा. हात बटणांवरून हलतच नाहीत. वाकून मेनू शोधणं नाही, माउस नाही. चालू केलं की जिथे थांबलात तिथूनच पुढे.

दोषही होतेच. सगळा मजकूर बॅटरीच्या जोरावर टिकायचा. बॅटरी पार मेली की वर्षाच्या नोट्स गायब. म्हणून लोक केबल जोडून संगणकात किंवा वेगळ्या फ्लॉपी ड्राइव्हवर प्रत काढून ठेवायचे. आवाज रोबोटी होता, पण सवयीचे लोक तो इतका जोरात पळवायचे की शेजारच्याला फक्त गुणगुण ऐकू यायची.

पुढे नव्वदच्या दशकात ब्लेझीने ब्रेल ओळ परत आणली. ‘ब्रेल लाइट’ या यंत्रात आधी अठरा, मग चाळीस अक्षरांची ओळ आली. २००० मध्ये त्याची कंपनी आणखी दोघांसोबत एकत्र होऊन ‘फ्रीडम सायंटिफिक’ झाली. त्याच सुमारास न्यूझीलंडहून ‘ब्रेलनोट’ आलं, विंडोज सीईवर चालणारं. २०१६ मध्ये त्याचंच अँड्रॉइड रूप आलं.

आपल्या मराठीचं काय? १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला भारतीय भाषांसाठी ‘भारती ब्रेल’ ठरलं. ठिपके तेच सहा. त्यात वेलांटी, काना सगळं अक्षरानंतर लिहितात; छापील ‘कि’सारखी ऱ्हस्व वेलांटी आधी येत नाही. म्हणजे ‘मराठी’ हा शब्द म, र, आ, ठ, ई असा पाच घरांत बसतो. ब्रेल अँड स्पीकच्या बटणांवर तो आरामात लिहिता यायचा. अडायचं ते बोलण्यावर, कारण तक्ता इंग्रजीचा. इंग्रजी संक्षिप्त ब्रेलच्या नियमाने तेच पाच ठोकळे वाचले तर काय होतं? एम, आर, एआर, डब्ल्यू, आयएन. म्हणजे ‘म्रारविन’! बोटांना लिपी येत होती, यंत्राला भाषा येत नव्हती. लक्षात घ्या, दोष ठिपक्यांचा नव्हता, कुणीतरी लिहायच्या राहून गेलेल्या तक्त्याचा होता. आणि तक्ता लिहायला कारखाना लागत नाही.

मला तुमच्यातले बरेच जण विचारतात: ताई, आता फोन सगळं वाचून दाखवतो, मराठीतसुद्धा. मग ब्रेल हवंच कशाला?

प्रश्न रास्त आहे. मी दिवसभर स्क्रीनरीडरच वापरते आणि त्याला नावं ठेवणार नाही. पण ऐकणं आणि वाचणं एक नाही. कानाला ‘दिन’ आणि ‘दीन’ सारखेच लागतात. एक म्हणजे दिवस, दुसरा म्हणजे गरीब. बोटाखाली मात्र ऱ्हस्व इ म्हणजे २-४ आणि दीर्घ ई म्हणजे ३-५. चूक व्हायला जागाच नाही. जे मूल फक्त ऐकून वाढतं, त्याला गोष्ट कळते, पण शब्द कसा लिहितात हे कळेलच असं नाही. मग तो नोकरीचा अर्ज लिहितो, त्यात शुद्धलेखनाच्या चुका निघतात आणि समोरचा म्हणतो, बघा, यांना जमत नाही. न जमण्याचं कारण डोळे नसतात. त्याच्या हातात अक्षर कधी दिलंच गेलं नाही, हे असतं. डोळस मुलाला आपण म्हणतो का, की आता ऑडिओबुक आहेत, बाराखडी राहू दे?

म्हणून ब्रेल अँड स्पीकची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट त्याचं बोलणं नाही. त्याने अंध माणसाला झटपट, आवाज न करता, वर्गात सगळ्यांसोबत लिहू दिलं. बोलणारी यंत्रं आधीही होती. लिहू देणारी कमी होती.

चांगली बातमी अशी की हे थांबलेलं नाही. मराठीत ‘स्पर्शज्ञान’ हे ब्रेल पाक्षिक स्वागत थोरात यांनी २००८ मध्ये सुरू केलं. मुंबईच्या इनोव्हिजन कंपनीने ‘ब्रेलमी’ हे वीस अक्षरांचं यंत्र बनवलं, त्यात पिझो पट्ट्यांऐवजी चुंबकाची युक्ती आहे, खर्च कमी व्हावा म्हणून.

आणि आता तुमचा फोन. आयफोनमध्ये २०१४ पासून आणि अँड्रॉइडच्या टॉकबॅकमध्ये २०२० पासून स्क्रीनवरच ब्रेल कीबोर्ड आहे. फोन आडवा धरायचा, दोन्ही हातांची तीन-तीन बोटं काचेवर ठेवायची. सहा ठिपके, एकत्र दाब, बोटं उचलली की अक्षर. हॉलचं १८९२ चं टाइपरायटर काचेवर आलं. ब्लूटूथने ब्रेल यंत्र आयफोनला जोडलंत तर स्पेससोबत १-२-३ दाबल्यावर आजही स्क्रीनच्या सुरुवातीला जाता येतं, ४-५-६ ने शेवटाला. ती कॉर्ड अजून जिवंत आहे.

डोळस मित्रमैत्रिणींनो, सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटीत जाऊन एकदा करून बघा. फक्त टॉकबॅक किंवा व्हॉइसओव्हर चालू केल्यावर एका टॅपने बटण दाबलं जात नाही, दोनदा टॅप करावं लागतं, घाबरू नका. आणि कोडिंगवाल्यांनो, ब्रेलचे तक्ते बनवणारा ‘लिबलुई’ हा प्रकल्प मुक्तस्रोत आहे. मराठीचा तक्ता उघडा, चार शब्द घालून तपासा, चूक दिसली तर कळवा. एका शनिवारच्या दुपारचं काम आहे, आणि त्या दुपारीनंतर एखाद्या मुलाच्या यंत्रात ‘मराठी’ हा शब्द ‘मराठी’ असाच उमटेल.

भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा, आणि लिहीतही राहा.